दंभ व गुप्त पाप, ख्रिस्ती धर्मविचारातील

दंभ व गुप्त पाप, ख्रिस्ती धर्मविचारातील : अंतःकरणात एक आणि आचरणात दुसरेच असणे, विशेषतः अंगी नसलेल्या धार्मिकतेचा लोकांपुढे देखावा करणे, यास ख्रिस्ती धर्मविचारात दंभ म्हणतात. गुप्त पाप ही त्याच्याशी निगडित, परंतु त्याहून वेगळी कल्पना होय. केलेले पाप झाकणारा मनुष्य दांभिक असेलच असे नाही; भीती, लज्जा किंवा दुसऱ्यास दुखवू नये ही इच्छाही त्याच्या मुळाशी असू शकते. झाकलेल्या पापावर पुण्याईचे वस्त्र पांघरले जाते, तेव्हा दंभ उत्पन्न होतो. झाकलेले ते उघड होईल, हा विचार बायबलमध्ये वारंवार येतो. तथापि हे उघड होणे म्हणजे शिक्षा की सुटका, याविषयी ख्रिस्ती परंपरेत एकवाक्यता नाही.

नव्या करारातील ‘हुपोक्रितेस’ हा मूळ ग्रीक शब्द नाट्यव्यवहारातून आलेला आहे. ‘उत्तर देणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला असून ग्रीक नगरांत तो रंगभूमीवरील नटास लावीत. त्यात निंदेचा अंश मुळात नव्हता. मुखवटा घालणे हे नटाचे कामच होय आणि प्रेक्षकांनाही ते ठाऊक असते. हिब्रू जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मात्र ईयोबच्या पुस्तकात ‘हानेफ’ म्हणजे अधर्मी, ईश्वरविन्मुख या हिब्रू शब्दासाठी ‘हुपोक्रितेस’ योजलेला आढळतो. नट आणि अधर्मी या दोन अर्थच्छटा अशा रीतीने एकत्र आल्या व त्यांतून शुभवर्तमानांतील अर्थ सिद्ध झाला. नाझरेथपासून सुमारे ६ किमी. वरील सेफोरिस नगराच्या उत्खननात रोमन पद्धतीचे नाट्यगृह सापडले आहे. येशूने नट प्रत्यक्ष पाहिले असावेत, असा तर्क त्यावरून काही अभ्यासक करतात. परंतु ते नाट्यगृह येशूच्या हयातीत उभे होते की नंतर बांधले गेले, याविषयी पुरातत्त्वज्ञांत मतभेद असल्याने हा तर्क मोहक असला, तरी त्यावर फार भार टाकणे योग्य नव्हे. मराठी बायबलमध्ये या शब्दासाठी ‘ढोंगी’ हा शब्द रूढ झाला. तो लोकभाषेतील व सणसणीत आहे. ‘दंभ’ ही संज्ञा मराठी वाचकास गीतेच्या सोळाव्या अध्यायातील आसुरी संपत्तीच्या वर्णनातून आणि ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अदंभित्वाच्या विवेचनातून परिचित आहे.

ज्या जुन्या कथांनी या विचारास आकार दिला, त्यांत यहोशवाच्या पुस्तकातील आखानाची कथा सर्वांत कठोर आहे. यरीहोच्या लुटीतील एक मौल्यवान झगा, दोनशे शेकेल रुपे व पन्नास शेकेल वजनाची सोन्याची कांब त्याने आपल्या तंबूत पुरून ठेवली. पुढे आय नगरावरील चढाईत इस्राएलांचा पराभव होऊन ३६ माणसे पडली. चिठ्ठ्या टाकून वंश, कूळ व घराणे असा शोध घेत अखेर आखान सापडला, त्याने कबुली दिली आणि त्याचा व त्याच्या घरच्यांचा वध झाला. एकाच्या गुप्त अपराधाची झळ सर्व समाजास लागते, ही त्या काळची धारणा येथे स्पष्ट दिसते. मुलांना बापाच्या अपराधासाठी मारू नये, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे. या दोन स्थळांतील विसंगतीने भाष्यकारांना सतत अडचणीत टाकले आहे.

दावीद राजाची कथा याहून गुंतागुंतीची व मानवी मनाच्या दृष्टीने अधिक खोल आहे. सैन्य रणांगणावर असताना दावीदाने उरीया या आपल्या सैनिकाच्या पत्नीस, बथशेबेस, बोलावून घेतले. ती गरोदर राहिली, तेव्हा त्याने उरीयास युद्धावरून परत आणविले. त्याने घरी जाऊन झोपावे आणि मुलाचे पितृत्व झाकले जावे, एवढाच हेतू होता. सोबती उघड्या मैदानात असताना आपण घरी सुखाने निजणे योग्य नव्हे, असे मानून उरीया राजवाड्याच्या दाराशीच झोपला. त्याच्या निष्ठेनेच दावीदाची योजना फसली. मग सेनापती यवाबाच्या नावे, उरीयास लढाईच्या तोंडी देऊन एकटे सोडावे, असे पत्र लिहून ते त्याच्याच हाती दिले गेले. झाकण्यासाठी केलेले कृत्य मूळ कृत्याहून भयंकर ठरले.

नाथान संदेष्टा राजापुढे येतो, तो आरोप घेऊन नव्हे. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी पाहुण्यासाठी कापली, अशी फिर्याद तो सांगतो. दावीद संतापतो व त्या श्रीमंतास मरणदंड योग्य ठरवितो. तो मनुष्य तूच, असे नाथान सांगतो तेव्हा निवाडा आधीच झालेला असतो. यात दावीदाने लोकांपुढे पावित्र्याचा आव आणलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने स्वतःलाच अंधारात ठेवले होते. दुसऱ्याच्या अपराधाविषयी त्याची न्यायबुद्धी तल्लख होती आणि स्वतःच्या अपराधाविषयी निद्रिस्त होती. इंग्लंडमधील जोसेफ बटलर (१६९२–१७५२) या धर्मोपदेशकाने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या पंधरा प्रवचनांपैकी आत्मवंचनेवरील प्रवचन याच प्रसंगावर आधारलेले आहे. मनुष्य इतरांना फसविण्यापूर्वी बहुधा स्वतःला फसवितो व या आत्मवंचनेमुळे सदसद्‌विवेकबुद्धीच भ्रष्ट होते, असे त्याचे प्रतिपादन असून नीतिशास्त्रातील या विषयाच्या आधुनिक चर्चेत त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

या कथेची एक उपकथा बायबलमध्येच दडलेली आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील हा वृत्तांत नंतरच्या काळात रचलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात येत नाही. युद्धाचा तोच ऋतू, दावीद यरुशलेमात मागे राहिल्याचा तोच उल्लेख आणि नंतर एकदम विजयाची हकिकत. बथशेबा व उरीया गाळलेले आहेत. दावीदाची मंदिराचा आद्य योजक म्हणून जी प्रतिमा त्या लेखकास उभी करावयाची होती, तिच्यात हा प्रसंग बसत नव्हता. तथापि पवित्र ग्रंथांची निश्चिती करताना दोन्ही ग्रंथ ठेवले गेले. राजाची अपकीर्ती करणारा वृत्तांत धर्मग्रंथातून काढून न टाकणारी ही परंपरा प्राचीन राजवृत्तांतांत विरळा म्हणावी लागेल.

सुसान्नेची कथा दानीएलाच्या पुस्तकाच्या ग्रीक पाठात येते. रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स पंथ ती ग्राह्य मानतात, प्रॉटेस्टंट मानीत नाहीत. तीत दोन वडीलधारे न्यायाधीशच दोषी असतात व निरपराध स्त्रीवर व्यभिचाराचा आळ घेतात. तरुण दानीएल दोघांची वेगवेगळी तपासणी करतो आणि झाड कोणते होते या साध्या प्रश्नावर त्यांच्या साक्षी फुटतात. येथे पाप उघड होते ते दैवी चिठ्ठीने नव्हे, तर उलटतपासणीने.

नव्या करारात ‘ढोंगी’ हे नाम केवळ येशूच्या तोंडी येते व सर्वाधिक वेळा मत्तयकृत शुभवर्तमानात आढळते. डोंगरावरील प्रवचनात दानधर्म, प्रार्थना व उपवास ही तीन सत्कृत्ये घेऊन ती लोकांनी पाहावीत म्हणून करणाऱ्यांविषयी, त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे, असे म्हटले आहे. येथील ग्रीक क्रियापद तत्कालीन पपायरसांवरील पावत्यांत ‘रक्कम भरून पावली’ या अर्थी आढळते, हे जर्मन विद्वान आडोल्फ डाइसमान (१८६६–१९३७) याने दाखवून दिले. लोकांच्या स्तुतीने हिशेब पुरा झाला, आता येणे काही उरले नाही, असा त्यातील बोचरा व्यापारी अर्थ आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील चुना लावलेल्या कबरींची प्रतिमाही व्यवहारातूनच घेतलेली आहे. कबरीचा स्पर्श विटाळ मानला जाई. म्हणून वल्हांडण सणापूर्वी, अदार महिन्याच्या मध्यास, कबरी खुणेने ठळक करण्याचा प्रघात होता. अर्थात हा चुना शोभेसाठी नव्हे, तर धोक्याची सूचना म्हणून असे. येशूच्या उपमेत मात्र तोच चुना सौंदर्याचे आवरण होतो.

झाकलेले उघड होईल, हे वचन तीन शुभवर्तमानांत तीन निरनिराळ्या संदर्भांत येते. मार्कमध्ये ते दिव्याच्या दाखल्याशी जोडलेले असून देवराज्याचे रहस्य पुढे प्रकट होईल, असा त्याचा रोख आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात छळास भिऊ नका, असा शिष्यांना धीर देण्यासाठी ते योजले आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात मात्र परुश्यांचे खमीर म्हणजे ढोंग, या इशाऱ्यानंतर ते येते. उत्तरकालीन प्रवचनकारांनी यांपैकी लूकचा संदर्भच मुख्य मानला. त्यामुळे मुळात आश्वासनही असलेले हे वचन बहुतेक ख्रिस्ती श्रोत्यांच्या कानी धमकी म्हणूनच पडत आले आहे.

परुशी म्हणजे ढोंगी, हे समीकरणही असेच तपासून पाहिले पाहिजे. परुशी हा यहुदी धर्मातील एक निष्ठावान सुधारक पक्ष होता. इतिहासकार जोसीफस त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक सांगतो. दांभिकांची टवाळी तर यहुदी परंपरेनेच केलेली आहे. तालमुदात परुश्यांचे सात प्रकार सांगितले असून त्यांपैकी बहुतेक थट्टेचे विषय आहेत. येशूची टीका ही घरातल्या घरात झालेली टीका होती. पुढे ख्रिस्ती समाज यहुद्यांपासून वेगळा झाला आणि तीच टीका परक्या लोकांवरील कायमचा आरोप बनली. तिचा वापर शतकानुशतके यहुद्यांविरुद्धच्या द्वेषासाठी झाला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या निवेदनात यहुदीद्वेषाचा निषेध केला. ई. पी. सँडर्स याच्या १९७७ मधील ग्रंथानंतर पहिल्या शतकातील यहुदी धर्माविषयीचे संशोधनही पुष्कळ बदलले आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातील परुशी व जकातदार यांचा दाखला वाचून, आपण त्या परुश्यासारखे नाही म्हणून देवाचे आभार मानणारा वाचक नकळत त्याच परुश्याच्या जागी जाऊन उभा राहतो. दाखल्याची ही खुबी पुष्कळ व्याख्यात्यांच्या लक्षात आलेली नाही.

आद्य ख्रिस्ती समाजही यातून सुटलेला नाही. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात बर्णबा आपले शेत विकून सर्व पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवतो. लगेच पुढे हनन्या व सप्पिरा हे दांपत्य जमीन विकून काही रक्कम मागे ठेवते व सर्व दिल्याचे भासविते. पैसे ठेवून घेण्यास त्यांना मोकळीक होती, हे पेत्र स्पष्टपणे सांगतो. दोष ठेवून घेण्यात नव्हता, संपूर्ण दान केल्याचा लौकिक मिळविण्यात होता. दोघांचाही तत्काळ अंत झाला. परंतु पौलाच्या गलतीकरांस पत्रात खुद्द पेत्रच अंत्युखियात परराष्ट्रीय ख्रिस्ती बंधूंबरोबर जेवीत असताना यरुशलेमहून माणसे येताच भिऊन मागे सरतो. त्याच्या ढोंगात बर्णबाही ओढला गेला, असे पौल लिहितो. दानाचा आदर्श ठरलेला तोच हा बर्णबा! पौलाने पेत्रास सर्वांदेखत खडसावले. दोघांपैकी कोणीही मेला नाही, कोणाचेही प्रेषितपद गेले नाही.

ढोंगी व्यक्तीच्या हातून झालेले धर्मकार्य ग्राह्य की अग्राह्य, हा प्रश्न चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला. सम्राट डायोक्लीशनच्या छळात धर्मग्रंथ शत्रूच्या स्वाधीन करणाऱ्या बिशपांनी दिलेली दीक्षा व्यर्थ आहे, असे डोनॅटसपंथीयांचे म्हणणे होते. हिप्पोचा बिशप सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याला विरोध केला. संस्काराचे सामर्थ्य ख्रिस्ताचे असते, ते देणाऱ्याचे नव्हे. या जगातील चर्च हे गहू व निदण एकत्र वाढणारे शेत आहे, अशी त्याची भूमिका होती. मोशेच्या आसनावर बसलेले सांगतात ते करा, त्यांच्याप्रमाणे वागू नका, या अर्थाच्या येशूच्या वचनाचा त्याने पुनःपुन्हा आधार घेतला. ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही पक्षांची परिषद होऊन निकाल डोनॅटसपंथीयांविरुद्ध लागला. प्रॉटेस्टंटांच्या ऑग्जबर्ग येथील १५३० च्या श्रद्धानिवेदनानेही हेच मत स्वीकारले. सामान्य भाविकास याने मोठा दिलासा मिळाला, हे खरे. कारण ज्याच्याकडून बाप्तिस्मा घेतला त्याच्या अंतःकरणाची खात्री कोण देणार? परंतु दांभिक धर्माधिकाऱ्यास पदावर राहू देण्यास हीच भूमिका सोयीची ठरली, हेही नाकारता येत नाही.

पाप उघड करण्याची रीत काळानुसार बदलत गेली. आरंभीच्या शतकांत घोर पातकांसाठी सर्व मंडळीसमोर, गोणपाट नेसून प्रायश्चित्त घ्यावे लागे आणि ते आयुष्यात एकदाच मिळे. टर्टलियनने प्रायश्चित्तावरील आपल्या ग्रंथात याचे वर्णन केले असून लाजेपोटी लोक ते टाळतात, अशी तक्रारही केली आहे. ३९१ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका कुलीन स्त्रीच्या निवेदनातून एका उपधर्मगुरूचे तिच्याशी असलेले संबंध उजेडात आले व लोकक्षोभ झाला. तेव्हा नेक्टेरिअस या धर्माध्यक्षाने प्रायश्चित्ताधिकाऱ्याचे पदच रद्द केले. दोषीपेक्षा दोष कळण्याचा मार्ग बंद करण्याची ही प्रवृत्ती पुढेही दिसते. ४५९ मध्ये पोप पहिला लीओ याने प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या पापांची यादी सर्वांसमोर वाचण्याची प्रथा निषिद्ध ठरविली. त्यामागील हेतू मात्र निराळा होता. शत्रूंच्या हाती पुरावा पडेल या भयाने लोक प्रायश्चित्तापासून दूर राहू नयेत, ही त्याची काळजी होती. आयरिश मठांतून खासगी पापनिवेदनाची पद्धत पसरली आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीस वर्षातून एकदा ते बंधनकारक केले. निवेदनातील गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून आजन्म प्रायश्चित्तासाठी कडक मठात कोंडावे, असा दंडही त्याच नियमात आहे. गोव्यात कोकणी भाषेत पापनिवेदनास कुमसार म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आला.

गोव्याच्या संदर्भात या विषयाची एक निराळी बाजू पुढे येते. इन्क्विझिशन हे धर्मन्यायपीठ तेथे १५६० मध्ये स्थापन झाले व मधला अल्प काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. वरकरणी ख्रिस्ती, पण घरात पूर्वीचे आचार पाळणारे लोक शोधून काढणे, हे त्याचे एक प्रमुख कार्य होते. १७३६ च्या फर्मानाने घरी तुळस लावणे, पुरुषांनी धोतर नेसणे, स्त्रियांनी चोळी घालणे अशा गोष्टींनाही मनाई केली. न्यायपीठाच्या लेखी हे दांभिक होते. परंतु भीतीने धारण केलेल्या धर्माआड परंपरागत निष्ठा जपणाऱ्यास दांभिक म्हणणे न्याय्य नव्हे. नटास रंगमंचावर बळाने ढकलले असेल, तर मुखवट्याचा दोष कोणाचा, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

साहित्यात दंभाचे सर्वांत प्रभावी चित्र दान्तेने रेखाटले आहे. त्याच्या नरकातील आठव्या वर्तुळात दांभिक लोक बाहेरून सोन्याचा मुलामा दिलेले, पण आतून शिशाचे असलेले झगे घालून कण्हत संथपणे चालत असतात. त्यांत बोलोन्याचे दोन धर्मबंधू आहेत व वाटेवर जमिनीला खिळलेला महायाजक कयफा आहे. मोल्येरचे तार्त्यूफ हे नाटक १६६४ मध्ये व्हर्साय येथे झाले आणि धर्मनिष्ठांच्या विरोधामुळे लगेच बंद पडले. खुल्या प्रयोगास परवानगी मिळण्यास १६६९ उजाडले. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या द स्कार्लेट लेटर (१८५०) या कादंबरीतील तरुण धर्मोपदेशक आपण महापापी असल्याचे व्यासपीठावरून मोघम सांगतो. श्रोते त्यास विनय समजतात व त्याची कीर्ती वाढतच जाते. मोघम कबुली हीदेखील दंभाचे साधन होऊ शकते, हे या कादंबरीइतके स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल. तत्त्वज्ञ सरेन किर्केगॉर (१८१३–५५) याने अखेरच्या काळात डॅनिश राष्ट्रीय चर्चवर केलेला हल्ला व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्या दंभावर होता.

विसाव्या शतकात नाझींविरुद्धच्या लढ्यात प्राण गमावलेला जर्मन धर्मविचारवंत डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) याने सहजीवनावरील आपल्या १९३९ च्या पुस्तिकेत या प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहिले. धार्मिक मंडळीत सर्वांनी पुण्यवान असावे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे तेथे पापी म्हणून राहण्यास कोणालाच वाव नसतो आणि प्रत्येकजण आपले पाप घेऊन एकाकी पडतो. एका विश्वासू बंधूपुढे नेमके, नाव घेऊन केलेले निवेदन हा त्याच्या मते या एकाकीपणावरील उपाय होय.

अलीकडच्या काळात संस्थेने झाकलेल्या पापाचा प्रश्न अत्यंत तीव्रतेने पुढे आला आहे. अमेरिकेतील बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्राने जानेवारी २००२ पासून तेथील रोमन कॅथलिक धर्मप्रांतात बालकांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलविले जात असल्याचे उघडकीस आणले. डिसेंबरमध्ये तेथील कार्डिनलने पद सोडले. जॉन जे कॉलेजच्या २००४ मधील अहवालानुसार १९५०–२००२ या काळात अमेरिकेतील ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाले होते. फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये १९५० पासूनच्या पीडित बालकांची संख्या सु. २,१६,००० असल्याचा अंदाज दिला. प्रॉटेस्टंट संस्थाही अपवाद नाहीत. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट संघाच्या नेतृत्वाने तक्रारी वर्षानुवर्षे दडपल्याचे मे २०२२ च्या अहवालात नमूद आहे. मतिमंद प्रौढांसाठी १९६४ मध्ये लार्श या सहनिवासी संस्थेची स्थापना करणारा झां व्हान्ये (१९२८–२०१९) हयातीत संतवत मानला गेला. त्याच्या मृत्यूनंतर संस्थेनेच नेमलेल्या तपासातून त्याने आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या निमित्ताने अनेक स्त्रियांचे शोषण केल्याचे २०२० मध्ये व अधिक विस्ताराने २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या संस्थापकाचे पाप संस्थेने स्वतः जगापुढे मांडावे, याची उदाहरणे थोडी आहेत. बहुतेक ठिकाणी सत्य बाहेर आले ते वार्ताहर, न्यायालये आणि मुख्यतः बोलण्याचे धैर्य करणाऱ्या पीडितांमुळे. चर्चची बदनामी होऊ नये, हे कारण लपविणाऱ्यांनी बहुधा पुढे केले. ‘भाविकांच्या श्रद्धेस धक्का बसू नये’ या जुन्या, एरवी निर्दोष तत्त्वाचा तो विपर्यास होता.

पोप फ्रान्सिस याने मे २०१९ मध्ये काढलेल्या आदेशानुसार अशा प्रकारांची माहिती वरिष्ठांना देणे धर्मगुरूंवर व संन्यस्तांवर बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या खटल्यांना लागू असलेली पोपकीय गोपनीयता रद्द करण्यात आली. पापनिवेदनाची गोपनीयता मात्र कायम आहे. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१७ मध्ये निवेदनात कळलेल्या बालशोषणाची खबर देण्यातून धर्मगुरूंना सूट असू नये, अशी शिफारस केली व तेथील अनेक राज्यांनी तसे कायदे केले. हे गुपित फुटले तर अपराधी निवेदनासच येणार नाही आणि त्यास पोलिसांकडे जाण्यास प्रवृत्त करण्याची शेवटची संधीही जाईल, असे धर्मगुरूंचे म्हणणे आहे. अत्याचार भोगलेल्यांचे म्हणणे असे, की त्या बंद खिडकीआड अपराध्यास वारंवार क्षमा मिळत होती आणि बाहेर मूल मात्र त्याच्याच स्वाधीन राहत होते.